एकेचाळीस नंबरची पाटी

—नाही, तो कागद तिथेच राहू दे, ओमेश, आणि पेन पुढे सरकवू नकोस. सही कुठे करायची ते मला दिसतंय, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत. आधी एक गोष्ट नीट ऐक, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. चार वर्षांपूर्वीच्या त्या लिलावाच्या दालनात मी नव्हते. मुंबईला मी गेलेच नाही. पाट्या वर झालेल्या पाहिल्या नाहीत, हातोडा टेकलेला ऐकला नाही, खुर्च्यांवर किती माणसं होती ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी इथेच होते, गोंदियात, या टेबलाशी, आणि फोन उलटा करून ठेवला होता – का, ते जाऊ दे. जे सांगणार आहे ते तुझ्या बाबांनी परत आल्यावर एकदाच सांगितलेलं, आणि लिलावघराकडून आलेले कागद, एवढ्यावर. चौतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला मी. ऐकीव काय आणि लेखी काय, हे वेगळं ठेवायची सवय आहे. तुम्हा लोकांना त्या सवयीचा कंटाळा येतो, हेही माहीत आहे. – चहा? नको? मग निदान पंखा एकवर कर, कागद उडतोय.

आणि खाली कडुलिंबाखाली पांढरी गाडी उभी आहे, तिच्या पुढच्या सीटवर कोण बसलंय ते मला गॅलरीतून दिसलं, तेव्हा ‘बाबा कामठ्यालाच आहेत’ हे पुन्हा म्हणू नकोस. बसू दे त्याला. चार वर्षं हा जिना चढला नाही तो, आज कशाला चढेल? पण सही माझीच लागते ना – बंदूक माझ्या वडिलांची, वारस आम्ही दोघं भावंडं, तुझा बाप टेकचंद आणि मी, आणि मी ‘हरकत नाही’ असं लिहून दिल्याशिवाय त्याला ती विकता येत नाही. म्हणून तुला वर धाडलं. बरोबर? बोलू नकोस, मान हलवलीस तेवढं पुरे.

तर. किती हातात येतील – तुझा प्रश्न एवढाच आहे. त्याचाही एवढाच होता. हे लिलावघर दिल्लीचं, ते मुंबईचं होतं. दर मात्र जवळपास तेच, मी पाहिले, तू जिन्यात बूट काढत होतास तेवढ्यात पहिलं पान आणि उरलेलं तू बोलत असताना. बघ, इथे अंदाजे किंमत म्हणून अडीच ते साडेतीन लाख लिहिलंय, बरोबर? हा असा आकडा आहे की जो कोणी भरत नाही आणि जो कोणाला मिळत नाही. समज, हातोडा तीन लाखांवर टेकला. घेणारा तीन लाख देतो का? नाही. तो वर वीस टक्के लिलावघराला देतो – खरेदीदाराचं शुल्क म्हणतात – म्हणजे तीन लाख साठ हजार, आणि शिवाय कर. मग विकणाऱ्याला तरी तीन लाख मिळतात का? तेही नाही. त्याच्यातून बारा टक्के कमिशन, त्या कमिशनवर अठरा टक्के कर, एक टक्का विमा, फोटो आणि कॅटलॉगचे ठरलेले चार हजार, आणि बंदूक काही कुरिअरने जात नाही, परवाना असलेल्या विक्रेत्यामार्फतच हलवावी लागते, त्याचे नऊ हजार. तू धान विकतोस, अडत, हमाली, तोलाई तुला तोंडपाठ आहे. पण तिथे एकेक माणूस एकेक गोष्ट कापतो. इथे एकच घर दोन्ही हातांनी कापतं, आणि घेणारा-विकणारा दोघंही समजतात की समोरच्याने लुटलं. – नाही, चोर म्हणत नाहीये मी त्यांना. चोर लपवतो. यांनी सगळं छापलेलं असतं, चौथ्या पानावर, बारीक अक्षरात. माझी तक्रार न वाचणाऱ्यांबद्दल आहे. होती. – आता तेवढंही म्हणायची सोय राहिलेली नाही.

बंदूक तू हातात घेतली आहेस कधी? दसऱ्याला कुंकू लावण्यापुरतीच ना? तशीच सगळ्यांनी घेतली. दोन नळ्यांची, तोंडाकडून बार भरायची, ठिणगी देणारी केप लावून उडवायची. चापाच्या बाजूच्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका दुकानाचं नाव कोरलेलं, आणि नळ्या – नळ्या महत्त्वाच्या. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून त्या घडवलेल्या असतात, त्यामुळे पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते, आणि ती नक्षी दिसते ती वर चढवलेल्या तपकिरी रंगामुळे. रंग गेला की नक्षी गेली. माझ्या आजोबांकडे ती मालगुजाराच्या जमिनींच्या रखवालीमुळे आली, बाबांकडे पीक राखायच्या परवान्यावर राहिली. रानडुकरांसाठी. बाबा तिला जवसाच्या तेलाचा बोळा फिरवायचे, बस. आई चुलीतली राख घेऊन आली की ओरडायचे, “हिले घासू नोका! हिचा रंग हिच्या अंगातला आहे!” आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निवडणूक संपली की परत – ग्रामपंचायत असो की लोकसभा – आणि दर वेळची पावती बाबांनी बिस्किटाच्या डब्यात जपली. एकोणीसशे बासष्टपासूनच्या. एकतीस पावत्या. मुंबईच्या लिलावघरातला माणूस त्या पाहून अक्षरशः हरखला; बंदूक साठ वर्षं एका घरात होती याचा असा पुरावा भल्याभल्या राजघराण्यांकडे नसतो म्हणाला. त्याने वाघाचंही विचारलं. आजोबांनी या बंदुकीने वाघ मारला असं तुमच्या घरात सगळे सांगतात ना, तुझ्या आईपर्यंत. मी वर्णनातून वाघ खोडला. एक चिटोरा नाही त्या वाघाचा. तो म्हणाला, मॅडम, ‘कुटुंबात सांगितलं जातं’ असं लिहू, वीसेक हजार वाढतील. मी म्हटलं, नको. – हसतोस काय? वीस हजारांचा वाघ मी खोडला, हो. त्याचं मला आजही काही वाटत नाही. ज्याचं वाटतं ते वेगळं आहे.

टेकचंदला ती विकायची का होती, हे तुला माहीत आहे, तू होतासच घरात. तिरोड्याची ती छोटी राईस मिल. जुनी, पण चालती. मालक अडीच लाखांना देत होता आणि टेकचंदने हातचे पंधरा हजार बयाणा देऊन ठेवले होते. “बाई,” मला म्हणाला – तो मला बाई म्हणतो, म्हणायचा – “बाई, मले अडीच लाख पाहिजे. वरचा एक रुपया नोको. तुयाकडं इंग्रजी आहे, तू पाय.” मग मी पाहिलं. असं पाहिलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. हातोड्यापासून खाली येत नाहीत, टेकचंदच्या हातापासून वर जायचं. हातात अडीच लाख हवेत, तर कमिशन, त्यावरचा कर, विमा, फोटो, ने-आण हे सगळं उलट्या क्रमाने चढवत गेले तर हातोडा कुठे टेकायला हवा? तीन लाख दहा हजारांवर. तीन लाख दहा हजारांतून सगळं गेलं की उरतात दोन लाख पन्नास हजार चार रुपये. चार रुपये! मी त्याला फोन करून सांगितलं, टेकचंद, तुला मी चार रुपये जास्त मिळवून देतेय. तो इतका हसला. ती राखीव किंमत झाली. म्हणजे त्याखाली बोली थांबली तर बंदूक विकायची नाही. करारात दोघांच्या सह्या, आणि पत्रव्यवहारासाठी पत्ता माझा, ईमेल माझं. इंग्रजी माझ्याकडे होतं ना.

आणि मग बंदूक न्यायला नागपूरच्या विक्रेत्याचा माणूस यायच्या दोन दिवस आधी तुझ्या बाबांनी ती मंगरूकडे नेली. मंगरू म्हणजे तो, लग्नाची भांडी उजळून देतो तो. मशीनवर. चाकावर. दोन्ही नळ्या आरशासारख्या केल्या, पितळी खिळे चमकवले, दस्त्याला पॉलिश, वर हळदीचा दोरा बांधला, कुंकू लावलं आणि पाठवून दिली. मला कळलं ते ती गेल्यावर. मी विचारलं, काऊन घासली रे? – हो, माझ्या तोंडून तसंच आलं, घरचं. तो म्हणाला, “पोरगी पाहाले लोक येतात तवा आपण तिले चुलीपासून उठवून तशीच उभी करतो का? मुंबईच्या लोकाइसमोर मळकी बंदूक कशी ठेवाची?” ज्या वस्तूचं सगळं मोल तिच्या मळण्यात आहे ती तुम्ही घासलीत, हे ज्याने आयुष्यभर दसऱ्याच्या आदल्या दिवशी नांगराचा फाळ, विळा, खुरपं घासून चमकवलं आहे त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं? मी तेव्हा काहीच सांगितलं नाही. हे लक्षात ठेव. तेव्हा नाही.

आता दालन. आता मी नव्हते तो भाग. टेकचंदला मुंबईला जायची गरज नव्हती, फोनवर दिसलं असतं, पण त्याच्या मते घरची वस्तू निघते तेव्हा घरचं माणूस हजर असावं. तुझं ते लग्नातलं जाकीट घालून गेला, क्रीम रंगाचं. हॉटेलचा तळमजला, गालिचा, आणि दाराशी एक मुलगी प्रत्येकाला नंबराची पाटी देत होती. तिने त्यालाही देऊ केली, आणि त्याने घाबरून हात मागे घेतला, की पाटी हातात आली आणि चुकून वर झाली तर आपणच आपली बंदूक घेऊन बसू. मग पहिल्या रांगेत जाऊन बसला. पहिल्याच, कारण कामठ्याला भागवतालासुद्धा तो पहिल्या रांगेत बसतो. समोर पडदा, पडद्यावर बंदूक, चकचकीत, त्याला इतका अभिमान वाटला म्हणाला. पुकारणारा तरुण, अंगात काळा कोट. एक लाख ऐंशीवर सुरुवात. दोन लाख. दोन वीस. टेकचंदला आकडे इंग्रजीतले कळतात, बाजारात बसलेला माणूस. दोन चाळीसला एक आवाज थांबला, म्हणजे पुकारणाऱ्याने कोणाकडे तरी पाहून मान हलवली आणि पुन्हा तिकडे पाहिलं नाही. मग उरला एकच नंबर. एकेचाळीस. दोन साठ, एकेचाळीस. दोन सत्तर. दोन ऐंशी, एकेचाळीस. दोन नव्वद, एकेचाळीस. पुकारणारा टेकचंदच्या डोक्यावरून मागे कुठेतरी पाहत होता, आणि टेकचंद मांडीवर हात ठेवून सरळ समोर. मी त्याला विचारलं – त्याच बैठकीत दहा वेळा विचारलं – अरे, एकदा मागे वळून पाहिलं नाहीस? तर म्हणाला, “मी कायले मांगं पाहू? मांगं पाह्यलं का माणूस हावरट दिसते.” वळला नाही. सबंध दालनात ज्या एका माणसाचं त्या नंबरवर सगळं अवलंबून होतं तो एकटाच वळला नाही. दोन नव्वद. पुकारणारा थांबला. तीन लाख कोणी? तीन लाख? हातोडा टेकला, पण वेगळा, हळू. आणि तो काहीतरी एक शब्द बोलला आणि पडद्यावर पुढची वस्तू आली, एक तलवार. टेकचंद तसाच बसून राहिला. त्याला वाटलं विकली गेली. तलवार झाली, दोन खंजीर झाले, एक ढाल झाली, मग तो उठून दाराशी गेला आणि त्या मुलीला विचारलं, पैसे कुठे मिळतात? तिने यादी पाहून सांगितलं, काका, ती नाही गेली.

मला फोन आला. “बाई, बंदूक नाही गेली.”

आणि न गेल्याचंही शुल्क असतं, ओमेश. हे तुम्हा कोणाला पटत नाही. न विकल्याचे पैसे कशाचे? तर जागेचे, छपाईचे, पुकारण्याचे. राखीव किमतीच्या पाच टक्के – साडेपंधरा हजार – त्यावर कर धरून अठरा हजार दोनशे नव्वद. विमा तीन हजार शंभर. फोटोंचे चार हजार. ने-आण आता दोन्ही बाजूंची, अठरा हजार. त्रेचाळीस हजार तीनशे नव्वद रुपये. अडीच लाख आणायला गेलेला माणूस त्रेचाळीस हजार देणं घेऊन आला, बयाणा बुडाला, मिल आमगावच्या कोणीतरी नेली. मी देते म्हटलं. त्याने घेतले नाहीत. बंदूकही घरी आणली नाही, नागपूरला विक्रेत्याकडेच पडून आहे तेव्हापासून, महिना साडेतीनशे भाड्याने – दसऱ्याला तिच्यासमोर कसा बसू म्हणाला. कारण तोवर मी त्याला सांगितलं होतं. इथेच, तू बसला आहेस तिथे तो होता. मी म्हटलं, टेकचंद, तू ती घासलीस. घासल्यामुळे तिची किंमत उतरली. एवढंच. आवाजही चढवला नाही. तो उठला आणि जिना उतरला, आणि मला वाटलं शरमेने गेला, येईल दोन-चार दिवसांत. माझ्या घराला त्याने पाठ केली ती माझ्यावर रागावून नाही – हे तरी तुला माहीत आहे का? तो स्वतःवर रागावला आहे. आजोबांची बंदूक आपण आपल्या हातांनी बाद केली, हे घेऊन तो चार वर्षं बसला आहे. खालीसुद्धा आत्ता तेच घेऊन बसला आहे.

काय वाचतोयस? – अकरावं कलम. हं. वाच, मोठ्याने नको, मला पाठ आहे. सगळ्या घरांचं अकरावं कलम सारखंच असतं: लिलावघराने राखीव किंमत कमी करण्याची शिफारस केली आणि विकणाऱ्याने ती मानली, तर वस्तू न गेल्यास शुल्क माफ. मानली नाही, तर पूर्ण. म्हणून तर आपल्याला पूर्ण लाग—

हो.

आली होती. शिफारस आली होती. बस, उभा राहू नकोस. बस खाली. आता तू विचारलंच आहेस – नाही, तू विचारलं नाहीस, मीच बोलले, ठीक आहे. लिलावाच्या दहा दिवस आधी ईमेल आलं. नळ्या यांत्रिक चाकावर घासल्या गेल्या आहेत, मूळ रंग आणि नक्षी बव्हंशी नष्ट, तेव्हा राखीव किंमत तीन लाख दहावरून अडीच लाखांवर आणावी अशी आम्ही शिफारस करतो, अठ्ठेचाळीस तासांत कळवा. सभ्य पत्र होतं. व्याकरणही शुद्ध. मी टेकचंदला फोन करायला हवा होता. बंदूक त्याच्याकडची, मिल त्याची, पॉलिश त्याचं. मी फोन केला नाही. मी एका ओळीचं उत्तर पाठवलं: राखीव किंमत बदलू नये. सही, शकुंतला, सेवानिवृत्त प्राध्यापक. सेवानिवृत्त प्राध्यापक हेसुद्धा लिहिलं, का ते विचारू नकोस. का बदलू नये? मी तेव्हा स्वतःला सांगितलं की त्याला अडीच लाख हवेत आणि अडीच लाखांच्या राखीव किमतीत हातात दोन लाखसुद्धा येत नाहीत, तर त्याचं हित मी पाहतेय. हे एक कारण झालं. दुसरं कारण – ते चार रुपये. मी बसवलेला हिशोब होता तो. चार रुपयांपर्यंत बसवलेला. कोणीतरी मंगरू चाक फिरवतो आणि माझा हिशोब मोडतो, हे मला सहन झालं नाही, आणि रागही होता टेकचंदचा, की एवढं सांगून – पण मी सांगितलंच कुठे होतं? घासू नको असं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. बाबा सांगायचे. मी गृहीत धरलं.

आता ऐक. दोन नव्वदला हातोडा खरा टेकला असता तर सगळं जाऊन टेकचंदच्या हातात दोन लाख तेहेतीस हजार छत्तीस रुपये आले असते. अडीच लाखांना कमी किती? सोळा हजार नऊशे चौसष्ट. सोळा हजार, ओमेश. माझ्या एका महिन्याच्या पेन्शनच्या अर्ध्याहून कमी. मी हसत दिले असते. त्याने हसत घेतले असते – राखीला त्याच्याकडून मी घ्यायचेच की. आणि मिल आज तिरोड्याला धडधडत असती, तू त्या खताच्या दुकानात दुसऱ्याची पोती मोजत नसतास. म्हणून फोन उलटा ठेवला होता त्या दिवशी. पत्राचं उत्तर पाठवल्यापासून मला माहीत होतं काय होणार ते. – मी त्याच्याशी खोटं बोलले नाही. घासल्याने किंमत उतरली हे खरं आहे, लेखी आहे. पण बंदूक न जाण्याचं कारण ते नव्हतं. दोन वाक्यं होती. मी एक सांगितलं.

नाही, त्याला माहीत नाही. कोणालाच नाही. तुला आज.

पण थांब, अजून आहे, आणि हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाहीये – किंवा सांगतही असेन, तू ठरव. सतरावं कलम काढ. हे नवं घरही तेच लिहितं. राखीव किंमत येईपर्यंत पुकारणारा विक्रेत्याच्या वतीने स्वतः बोली लावू शकतो. कळलं? म्हणजे दालनात कोणी नसलं तरी तो मागच्या भिंतीकडे, झुंबराकडे पाहून आकडा चढवू शकतो, गिऱ्हाइकाला चेव यावा म्हणून, राखीव आकड्याच्या आतपर्यंत. कायदेशीर आहे. छापलेलं आहे. मग दोन चाळीसनंतर वाढवत नेणारा एकेचाळीस नंबर – माणूस होता की भिंत? माणूस असेल तर माझ्या एका ओळीने तुझ्या बापाची मिल घालवली. अडीच लाख राखीव असती तर बंदूक त्याची झाली असती. आणि भिंत असेल, तर दोन चाळीसच्या वर त्या बंदुकीला त्या दिवशी जगात कोणी मागत नव्हतं, अडीच लाख राखीव ठेवूनही ती गेली नसती, आणि माझी ओळ – निर्दोष नाही, पण निरुपद्रवी. भिंतीला नंबर देत नाहीत, असं जाणकार म्हणतात. म्हणतात. काही घरं देतातही म्हणे. पाहू शकला असता तो एकच माणूस, आणि तो हावरट दिसू नये म्हणून समोर पाहत होता.

मी लिहिलं त्यांना. पहिल्या पत्रात विचारलं, एकेचाळीस नंबरची पाटी कोणाला दिली होती? उत्तर आलं, बोली लावणाऱ्यांची नावं आम्ही उघड करत नाही. योग्यच आहे. दुसऱ्या पत्रात लिहिलं, नाव नको, गाव नको, फक्त एवढंच कळवा की पाटी एखाद्या माणसाच्या हातात होती की नव्हती. त्यावर त्यांनी सतराव्या कलमाची प्रत पाठवली, बाकी एक अक्षर नाही. तिसरं पत्र रजिस्टर्ड डाकेने पाठवलं, पोच आली.

हॉर्न. ऐकलास? त्याचाच. फार वेळ झाला तुला वर येऊन, त्याला वाटत असेल मी सही देत नाही. – दे पेन. इथे, आणि दुसऱ्या पानावर इथे. हे झालं. राखीव किमतीची चौकट मी रिकामी ठेवली आहे, ती त्याने भरायची, त्याला वाटेल तो आकडा, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता तुझा लिही, ईमेल तुझं. माझं खोडलंय, दिसतंय ना? अक्षर नीट काढ. आणि त्या खणात, खालच्या, पिवळा लिफाफा आहे. हो, तोच. त्यात त्यांची शिफारस आहे आणि माझी ओळ. दोन्हींचं मराठी करून ठेवलंय मी, चार वर्षांपूर्वीच, त्याच आठवड्यात – द्यायचं म्हणूनच केलं होतं, मग आज देऊ, उद्या देऊ. तू वाचून दाखवू नकोस. त्याला चष्मा लावून स्वतः वाचू दे, आणि तो वाचत असेपर्यंत गाडी सुरू करू नकोस.

तो वर येईल? मला विचारतोस? माझे अंदाज काय लायकीचे आहेत ते तू आत्ताच ऐकलंस. जा आता. जा, उतर. दार ओढून घे, पावसाळ्यापासून फुगलंय, जोर लावावा लागतो. – आणि ओमेश. त्याने विचारलंच, की मग तो एकेचाळीस नंबर कोण होता, तर सांग, बाईला माहीत नाही. तिसऱ्या पत्राचं उत्तर आलेलं नाही.